घारापुरीची बोट आणि वीस रुपयांचं गाठ्यांचं पाकीट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच माफी मागते. जागेअभावी कापायचं झालं तर गुहेबद्दलचं कापा, माझ्याबद्दलचं कापा, पण ते गाठ्यांचं पाकीट तेवढं ठेवा कारण सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पाच जण घारापुरीला गेलो होतो. मी, मिस्टर, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि डोंबिवलीची भाची, ती चौथीत आहे. भांडुपहून सकाळची स्लो पकडून सीएसएमटी, तिथून टॅक्सी, आणि गेटवेला पोचलो तर नऊलाच ही रांग! (सोमवारी गुहा बंद असते, त्यामुळे सगळी मुंबई रविवारीच उगवते.) तिकीट माणशी अडीचशेच्या वर, वरच्या डेकवर बसायचं तर बोटीत गेल्यावर अजून थोडे, मुलांना वर बसायचं होतंच, तेही दिले. लाइफ जॅकेट मिळाली, हे बरं झालं. 18 डिसेंबर 2024 ला ह्याच वाटेवर नौदलाची स्पीड बोट प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 माणसं गेली, तेव्हापासून सासूबाईंनी मुलांना बोटीत न्यायचं नाही असंच धरलं होतं, जॅकेटची बंदं स्वतः ओढून बघितली तेव्हा कुठे त्या टेकल्या.

तर बोट सुटायच्या आधी एक पोरगा टोपली घेऊन वर आला, "सीगल का खाना, सीगल का खाना, बीस रुपया". टोपलीत गाठ्या, कुरकुरीत पिवळ्या नळ्या आणि ग्लुकोज बिस्किटं, छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पाकिटांत. वरच्या डेकवर बहुतेक सगळ्यांनी घेतलं. मीही घेतलं, दोन पाकिटं, खोटं कशाला बोलू. लग्न झाल्यापासून चार वेळा गेलेय आणि चारही वेळा घेतलंय, मोबाईलमध्ये फोटो आहेत, हातातून गाठी उचलणारा पांढराशुभ्र पक्षी आणि मागे ताजमहाल हॉटेल. तो फोटो कोणाकडे नाही सांगा.

बोट धक्क्यापासून सुटली की पाच मिनिटांत ते येतात. पन्नास, शंभर, मोजायचे कसे, नुसती पांढरी गर्दी आणि क्याँव क्याँव. हवेत फेकलेली गाठी वरच्यावर झेलतात, तेव्हा सगळी बोट ओरडते. भाची तर नाचायला लागली. पण ह्या वेळी सगळे डाव्या कठड्याला लोटले ना, तेव्हा बोट डावीकडे कलल्याचं मला स्पष्ट जाणवलं, खालून खलाशी ओरडला, "बैठो बैठो", पण ऐकतो कोण, एका बाईंनी तर रील नीट यावी म्हणून जॅकेट काढून ठेवलं होतं. आणि पाकिटं रिकामी झाली की ती कुठे जातात? वाऱ्यावर. आमचंच एक उडालं, मुलगा पकडायला गेला तर मिस्टरांनी त्याची कॉलर धरली. पाण्यावर तरंगताना दिसत होतं ते बराच वेळ, चकचकीत.

सासूबाई खालच्या डेकवर बसल्या होत्या. त्या मूळच्या उरणकडच्या, आगरी, त्यांचं अर्धं बालपण खाडीत गेलंय. त्या वर आल्या, हा सगळा तमाशा बघितला आणि म्हणाल्या, "मासली खानारी पाखरां ती, त्यांना शेव कशाला घालताव?" बास, एवढंच. कोणी उत्तर दिलं नाही. माझ्या हातात दुसरं पाकीट होतं, ते फोडवेना, पर्समध्ये टाकलं. अजून आहे ते घरी.

आमच्या ऑफिसात एक सर आहेत, रविवारी दुर्बीण घेऊन उरण-शिवडी फिरणारे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोटो दाखवले, वाटलं खूश होतील. त्यांनी फोटो मोठा करून दाखवलं, डोळ्याच्या मागे कानाजवळ शाईचा ठिपका पडल्यासारखा डाग आहे बघा. ह्यांना आपल्याकडे कुरव म्हणतात. हिवाळ्यात डोकं पांढरं आणि हा एक डाग, मार्च उजाडला की त्याच डोक्यावर चॉकलेटी टोपी चढायला लागते, तेव्हा समजायचं की परत निघायची वेळ झाली. ह्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. म्हणजे हिमालय ओलांडून हा जीव गेटवेपर्यंत येतो आणि आपण त्याला काय देतो तर बेसन आणि पामतेल.

मी म्हटलं सर पण मीठ त्यांना चालत असेल की, समुद्रातच असतात. त्यावर ते म्हणाले बरोबर आहे, डोळ्यांच्या वर त्यांना एक ग्रंथीच असते, जास्तीचं मीठ नाकातून गळून जातं, समुद्राचं पाणी पिऊन जगतो तो पक्षी, तेव्हा मिठाचं रडगाणं गाऊ नका. प्रश्न हा आहे की त्याचं खाणं म्हणजे मासे, कोळंबी, किडे, किनाऱ्यावर मेलेलं काहीबाही. तळलेल्या पिठाने पोट भरतं, पण त्यात त्याला लागतं ते नसतं, आणि परतीच्या वाटेवर हजारो किलोमीटर उडायचंय त्याला. शिवाय माणसाच्या हाताला आणि बोटीच्या पंख्याला तो भीत नाहीसा होतो, आणि हे बंदर आहे, तळं नव्हे. हे मला पटलं. तुम्हालाही पटेल असं वाटतं.

आता खरी गंमत सांगते, ती बोटीत नाहीच, जेट्टीवर आहे.

घारापुरीची जेट्टी लांबलचक आहे कारण किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि चिखल. उतरलं की सगळे धावतात ती टॉय ट्रेन पकडायला, दहा रुपयांत पायऱ्यांपर्यंत सोडते. आम्हीही धावत होतो. आणि सासूबाई मध्येच थांबल्या. कठड्याला धरून खाली वाकल्या आणि पंच्याहत्तरीची बाई एकदम पोरीसारखी ओरडली, "निवटी! आगो बघ, निवटी!" खाली चिखलात बोटभर लांबीचे, चिखलाच्याच रंगाचे, डोळे डोक्यावर चढलेले मासे, आणि ते चालत होते. पुढच्या पंखांवर रेटा देत चिखलातून सरकायचे, मध्येच टुणकन उडी. भाचीने विचारलं हे बेडूक का मासे, तर आई म्हणाल्या मासेच गं, पाण्याबाहेर आले तरी अंग ओलं आहे तोवर मरत नाहीत, लहानपणी आम्ही हातांनी पकडायचो, सुकं छान होतं ह्यांचं. (हे शेवटचं मुलांना आवडलं नाही.) बाजूला बोटाच्या पेराएवढ्या चिंबोऱ्या, नराची एक नांगी स्वतःएवढी मोठी आणि तीच सारखी वर खाली करतोय, जसा कोणी स्टेशनवर निरोप द्यायला उभा आहे. एक वंचक, म्हणजे छोटा बगळा, चिखलात इतका स्तब्ध उभा होता की मुलगा म्हणाला प्लास्टिकचा आहे, आणि तेवढ्यात त्याने मान मारून काहीतरी गिळलं.

टॉय ट्रेन दोनदा येऊन गेली. आम्ही तिथेच. मागून येणारे लोक आम्ही काय बघतोय म्हणून थांबायचे, "क्या है, साँप है क्या" विचारायचे, मासा आहे म्हटल्यावर पुढे जायचे.

मी आईंना म्हटलं नशीब आपलं, नेमकं पाणी उतरलेलं होतं. तर त्या म्हणाल्या नशीब कसलं, आज सप्तमी ना? आणि मग त्यांनी जो हिशोब सांगितला तो मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला, खरंतर आमच्या घरात तीस वर्षं तो चालू असणार. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती, त्यानंतर सहा तास पाणी उतरणार, अकरा-साडेअकराला ओहोटी पुरी, पुन्हा संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला भरती. पंचमीला पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. अंदाजे हं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. घड्याळ नव्हतं तेव्हा त्यांचे वडील ह्याच्यावर होडी काढायचे. आपण कॅलेंडरवर तिथी बघतो ती चतुर्थीच्या उपासाला, आणि ह्या बाईने तिथीवरून मासे कधी दिसतील ते सांगितलं.

म्हणजे बघा, घारापुरीला जाऊन तिथले जीव बघायचे असतील तर कोणत्या बोटीने जायचं हे पंचांग सांगतं. पंचमीपासून नवमीपर्यंतच्या दिवसांत सकाळची बोट धरली की उतरताना चिखल उघडा मिळतो. दशमी, एकादशी, द्वादशीला परतीच्या वेळी मिळतो. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास पाणी जेट्टीला टेकतं, तेव्हा मात्र नुसत्या गुहा. एवढी साधी गोष्ट तिकिटाच्या खिडकीवर एका फळ्यावर खडूने लिहायला काय जातं? आजची ओहोटी इतक्या वाजता. संपलं. कोणी अॅप काढा म्हणत नाहीये मी.

किनाऱ्याला तिवरांची रांग आहे, कांदळवन म्हणतात ते. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यातून श्वास घेतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजं धडकली होती, तेव्हा तेलाचा तवंग इकडच्या आणि उरणच्या कांदळवनात शिरला होता. ह्या श्वासाच्या मुळांवर तेल बसलं तर काय होत असेल, विचार करा. आणि हो, पापलेट राज्यमासा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कांदळवनातली पांढरी चिप्पी हे 2020 पासून राज्य कांदळवन वृक्ष आहे, हे मलाही सरांनीच सांगितलं.

पुढचं पटकन सांगते. पायऱ्या शंभरच्या वर आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर निळी ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. माकडं आहेत आणि ती दरोडेखोर आहेत, मिस्टरांच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली एकाने घेतली, झाकण फिरवून उघडली आणि आमच्याकडे बघत बघत प्यायला. सगळे हसले, मीही हसले, पण ते त्याला शिकवलं कोणी? गाठ्यांचीच गोष्ट ही, फक्त दहा-वीस वर्षं पुढे गेलेली. गुहेबद्दल मी काय बोलणार, 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे, ती तीन मुखांची सदाशिवाची मूर्ती समोर आली की बडबड करणारी मुलंही गप्प होतात, आमची झाली. भाचीने विचारलं हत्ती कुठंय, एलिफंटा ना? तो दगडी हत्ती तर भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे, इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात 1864 मध्ये त्याचे तुकडे झाले होते, नंतर जोडला.

गुहा बघून लोक परत फिरतात. आम्ही तोफांच्या टेकडीवर गेलो, आई खाली झाडाखाली बसल्या, बाकीचे. वाटेत आंबा, चिंच, करंज अशी झाडी आहे, दुपारी सुद्धा गार. वर जुन्या तोफा आहेत, आणि तिथून घारी वरून दिसतात. नेहमी आपण घार खालून बघतो ना, काळी आकृती, शेपटीला खाच. इथे ती आपल्या पायांखालच्या दरीत घिरट्या घालते आणि तिची पाठ दिसते, त्याच्यावरचं ऊन दिसतं. एक ब्राह्मणी घारही दिसली, विटकरी अंग आणि पांढरी मान. घारी आहेत म्हणून घारापुरी का, असं भाची विचारत होती तेवढ्यात ती समोरून इतकी जवळून गेली की प्रश्न तिथेच राहिला. पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन, उत्तरेला तुर्भ्याच्या बाजूला अटल सेतूची रेघ, आणि मध्ये हे सगळं चालू आहे.

चारच्या बोटीने परत निघालो. सकाळी जिथे निवटी उड्या मारत होती तिथे कमरेएवढं पाणी, तिवरांचे फक्त शेंडे वर. आई म्हणाल्या, बघ, सांगितलं होतं. परतीच्या बोटीत पुन्हा टोपली, पुन्हा बीस रुपया. आमच्या मुलाने नाही म्हटलं आणि कठड्याजवळ बसून नुसता बघत राहिला, कोणाच्या डोळ्यामागे ठिपका आहे आणि कोण मोठ्या चणीचा, करड्या पाठीचा आहे ते. पक्षी तसेही आले. गाठी न देता सुद्धा ते बोटीमागे येतात हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं, पंख्याने पाणी घुसळलं की मासे वर येतात, त्यासाठी येतात.

आता माझं म्हणणं. बोटीवर आणि धक्क्यावर पक्ष्यांसाठी फरसाण-बिस्किटं विकायला बंदी घाला. मला माहीत आहे लगेच काय होईल, दादरच्या कबुतरखान्यावर 2025 मध्ये ताडपत्री टाकली तेव्हा काय राडा झाला सगळ्यांनी बघितलाय, मुक्या जीवाला अन्न घालणं पुण्य आहे वगैरे. अहो पण इथे दाणे घालायची कुठली जुनी परंपरा नाहीये, हा फोटोसाठीचा खेळ आहे, वीस रुपयांत. पुण्य हवं असेल तर ते रिकामं पाकीट खिशात घाला.

आणि त्या पोराचं काय, हा प्रश्न मला पडलाय, कारण तो आमच्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. त्याची टोपली काढून घेऊन त्याला घरी पाठवणं हा काही उपाय नव्हे. टोपलीतला माल बदला. एक जाड कागदाचं रंगीत कार्ड, त्यावर ह्या वाटेवर दिसणारे दहा-बारा पक्षी, मराठी आणि हिंदी नावांसकट, वीस रुपयांत मी तरी घेईन, चार घेईन. साध्या दुर्बिणी तासाच्या भाड्याने द्या. पक्ष्यांचा अभ्यास करणारी बीएनएचएस 1883 सालची संस्था, तिचं ऑफिस गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, कार्डावर काय छापायचं हे सांगायला त्यांच्याइतकी जवळची आणि जाणती माणसं कुठे मिळणार? आणि बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, 2018 ला समुद्राखालून केबल टाकून तिथे वीज पोचली, तिथल्या बायका-पोरांना निवटी कुठे आणि कधी दिसते हे शिकवावं लागणार नाही. जेट्टीवर अर्धा तास चिखल दाखवायचे माणशी पन्नास रुपये घ्या म्हणावं. टॉय ट्रेनला दहा देतोच की आपण.

हे जमणार नाही असं कोणी म्हणू नका. ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, तिची वेळ भरतीवर ठरते, सोबत माहिती सांगणारा माणूस असतो. तिथे कोणी फ्लेमिंगोला वेफर्स फेकत नाही. तीच खाडी पुढे येऊन ह्याच बंदराला मिळते, माणसंही आपलीच, मग गेटवेला पोचेपर्यंत काय बिघडतं?

आपली,
एक वाचक, भांडुप

ता.क. – आई परत जायचं म्हणतायत, ह्या वेळी एकादशी बघून, उशिराच्या बोटीने. बोटीतून डब्यात सुकट-भाकरी नेणार आहेत. ती कोणाला घालणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलंय, नातवाला सुद्धा.